वाळवंटातला गहू



गेल्या पौषात नणंदबाईंबरोबर जैसलमेर-लोद्रव्याची यात्रा घडली. पार्श्वनाथांचं दर्शन घेऊन परतताना रस्त्याकडेला हिरवागार गहू दिसला. भोवती नुसते दगड आणि रेती. मी सोलापूरकडची, पहिला प्रश्न तोच, "बोअर किती फूट?"

शेतकरीबाबा हसले. "बोअर कुठला, बाईसा? ही खडीन आहे."

उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध. वरच्या खडकाळ माळावरचा पाऊस वाहत येऊन तिथे अडतो, सोबत गाळ आणतो. जास्तीचं पाणी सांडव्यातून जातं, बाकीचं जमिनीत मुरतं. पावसाळा सरला की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वर्षाचा पाऊस जेमतेम 200 मिलिमीटर! पालीवाल ब्राह्मणांनी 15व्या शतकात ही पद्धत बसवली, असं सांगतात. शेतात खेजडीची झाडंही राखलेली. तिथीला हिरवी भाजी नसते तेव्हा आपण कैर-सांगरी करतो ना, ती सांगरी याच झाडाची.

नात म्हणाली, "आजी, हेच तर पर्माकल्चर!" ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी 1978 साली त्यावर पुस्तक काढलं. जमिनीचा उतार पाहून पाणी मुरवायचं आणि झाडं-पिकं एकमेकांच्या आधाराने लावायची.

मला मात्र सासूबाई आठवल्या. पाणी गाळून झालं की त्या जिवाणी ज्या विहिरीची, त्याच विहिरीत सोडायच्या. आम्ही जमिनीतून नुसतं उपसत आलो, परत काय दिलं?

आमच्या डाळिंबाच्या रानात दोन बोअर कोरडे गेलेत. मुलाला तिसरा घ्यायचाय आणि कर्जाच्या कागदावर माझी सही हवीय. बी.कॉम.ची सवय, मी वही काढली. दोन बोअरचा खर्च मांडला नि विचारलं, "जमेच्या बाजूला पाऊस कुठे लिहिलास?" तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. आईला हे फार लागतं हो.

खडीन आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही. पाणी साचलं तर डाळिंबाची मुळं कुजतात. म्हणून बागेच्या वरच्या माळावर उताराला आडवे चर खणायचं ठरवलंय. खणताना जीवहिंसा होणारच, त्याचं प्रतिक्रमण करीन. काल मुलगा स्वतःच दोरी घेऊन माळावर गेला.

सही अजून केलेली नाही. मृगाचा पाऊस झाला की कळवते.