मुक्काम कोठें करावा?

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत नोकरीस आहे. वृद्ध आईवडिलांस अलास्कांतील डेनाली राष्ट्रीय उद्यान दाखवावयाचें त्यानें योजिलें, आणि मुक्काम अँकरेजला करावा कीं फेअरबँक्सला, असें मला पत्रानें विचारलें. (भूगोलाच्या शिक्षकानें सर्व भूगोल पाहिलेला असतो, अशी विद्यार्थ्यांची प्रेमळ समजूत असते!)

अँकरेज मोठें शहर. तेथें सोयी अधिक. परंतु उद्यानाचें द्वार तेथून सुमारें ३८५ किलोमीटर दूर, तर फेअरबँक्सहून जवळजवळ निम्मेंच. १९२३ सालीं पूर्ण झालेला लोहमार्ग दोन्ही शहरांहून तेथें जातो. मीं फेअरबँक्स सुचविलें. कारण ६,१९० मीटर उंचीचा तो पर्वत बहुधा ढगांत दडलेला असतो. तिघां प्रवाशांपैकीं जेमतेम एकास त्याचें दर्शन घडतें. वाट पाहण्यासाठीं दिवस हाताशीं हवेत. म्हाताऱ्या माणसांचे ते रस्त्यांत कां खर्चावे?

शिवाय त्या बाजूस एक आठवण आहे. १९१३ सालीं आर्चडीकन हडसन स्टक यांची तुकडी फेअरबँक्सच्या नैर्ऋत्येस असलेल्या नेनाना गांवाहून निघाली, व तिनें डेनालीचें सर्वोच्च शिखर प्रथम सर केलें. माथ्यावर पहिलें पाऊल पडलें तें वॉल्टर हार्पर या तेथल्याच आदिवासी मातेच्या पुत्राचें. पायथ्याच्या तळावर मिशन-शाळेंतील जॉन फ्रेडसन हा मुलगा एकटा राहिला होता. वर हिमनदीवर लागलेल्या आगींत तुकडीची साखर जळून गेली. मंडळी महिन्याभरानें खालीं परतली, तेव्हां या मुलानें आपल्या वाटणीची साखर न खातां त्यांच्यासाठीं राखून ठेविली होती.