तासाभराचें अंतर

मोंबासा ते नैरोबी हें अंतर विमानानें सुमारें ४४० किलोमीटर. प्रवास तासाभराच्या आंतच संपतो. गेल्या खेपेस विमान सुटण्यास अर्धा तास विलंब झाला, तेव्हां मी मनांतून चरफडलों. पुढें खिडकींतून त्सावोचें रुक्ष रान दिसलें आणि माझी मलाच लाज वाटली. हिंदुस्थानांतून नेलेल्या मजुरांनीं १८९६ सालीं मोंबासाहून रूळ टाकण्यास आरंभ केला. नैरोबी गांठावयास १८९९ साल उजाडलें. मध्यंतरीं, १८९८ सालीं, याच त्सावोंत सिंहांनीं कित्येकांस तंबूंतून ओढून नेलें. व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रूळ पोंचेतों सुमारें अडीच हजार हिंदी मजूर प्राणांस मुकले. अर्ध्या तासाचा हिशेब मागणाऱ्या मला त्यांपैकीं एकाचेंही नांव ठाऊक नव्हतें!