निवड समिती आणि उमेदवाराची भाषा

मराठी विभागातील सहायक प्राध्यापकाच्या एका जागेसाठी निवड समिती बसते तेव्हा टेबलाच्या एका बाजूस सात-आठ माणसे असतात आणि दुसऱ्या बाजूस एक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने या सात-आठांची रचना बारकाईने ठरविली : कुलगुरू वा त्यांचा प्रतिनिधी, कुलपतींनी नेमलेला शिक्षणतज्ज्ञ, तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख, आणि राखीव प्रवर्ग, अल्पसंख्याक, महिला वा दिव्यांग यांपैकी उमेदवार असून समितीत त्या प्रवर्गाचे कोणीच नसेल, तर तसा एक प्रतिनिधी. किमान चार सदस्य व त्यांत बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ असल्यावाचून गणपूर्ती नाही. कागदावर यात उणे काढण्यासारखे फारसे काही नाही.

खरा प्रश्न मुलाखतीचा आहे. २०१० च्या नियमावलीत मुलाखतीस २० टक्के भार होता. उरलेला भार शैक्षणिक व संशोधनकार्य (५०) आणि विषयज्ञान व अध्यापनकौशल्य (३०) यांना होता. २०१८ मध्ये शैक्षणिक गुण केवळ छाननीपुरते राहिले व निवड मुलाखतीवर सोपविली गेली. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचे संभाषण निर्णायक ठरले. आणि संभाषण म्हटले की भाषा आली.

उमेदवार आत येतो. ‘गाव कोणते आपले?’ हा पहिला प्रश्न वरवर आपुलकीचा असतो. आडनावावरून जे पुरते उमगलेले नसते ते गावावरून उमगते, हे महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. मग उमेदवार बोलू लागतो, आणि एखादा ‘ण’ ‘न’ होऊन बाहेर पडतो. तो गेल्यावर कोणीतरी सहज म्हणते, ‘विषय चांगला आहे, उच्चार तेवढे सुधारायला हवेत.’ यात द्वेष नसतो. म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणे अवघड जाते.

गंमत अशी की, त्याच विभागाच्या अभ्यासक्रमात बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) असतो, दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) असते, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) असते. बोलीने मराठी वाङ्मय कसे समृद्ध झाले, यावर त्याच टेबलाभोवतीच्या मंडळींनी प्रबंध तपासलेले असतात. ग्रंथात जिचा गौरव होतो ती बोली उमेदवाराच्या तोंडून आली की उणीव ठरते.

अर्थात, भाषेच्या अध्यापकाला प्रमाण मराठीवर प्रभुत्व नको, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते तपासण्याचे साधन कोणते? एका विभागप्रमुखांनी त्यावर साधा उपाय केला. मुलाखतीपूर्वी सर्व उमेदवारांना एकच अपरिचित उतारा देऊन अर्ध्या तासात त्यावर टिपण लिहून घेतले, व नावे झाकून ते विषयतज्ज्ञांना दिले. प्रमाणलेखन तेथे पुरेसे दिसले; तोंडी परीक्षेत उच्चारांना गुण देण्याचे कारण उरले नाही. प्रश्नही आधी ठरले, सर्वांना त्याच क्रमाने विचारले गेले. गावाचा प्रश्न वगळला. चर्चेपूर्वी प्रत्येक सदस्याने आपले गुण लिहून ठेवावयाचे, हा नियम मात्र ज्येष्ठ सदस्यांना रुचला नाही. एका तज्ज्ञांनी ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे विचारले. प्रश्न रास्त होता. विश्वास होता, पण ज्येष्ठाचे मत आधी ऐकले की कनिष्ठाची पेन्सिल त्याच दिशेने वळते, हेही त्या विभागप्रमुखांनी अनेक समित्यांत पाहिले होते.

त्यांची स्वतःची अडचण निराळीच होती. उमेदवारांत नऊ वर्षे तासिका तत्त्वावर विभागात शिकविणारा त्यांचाच विद्यार्थी होता. त्याचे वर्ग, त्याचा तुटपुंजा पगार, दर जूनमधली त्याची अनिश्चितता, सारे त्यांना ठाऊक होते. इतर उमेदवारांचे काहीच ठाऊक नव्हते. ही सहानुभूती न्याय्य की पक्षपाती, हे त्यांना ठरविता येईना. त्यांनी आपण त्याचे मार्गदर्शक होतो हे इतिवृत्तात नोंदविले, त्याला गुण दिले नाहीत, आणि त्याच्या मुलाखतीपुरते ते खोलीबाहेर जाऊन व्हरांड्यात उभे राहिले. त्याची निवड झाली नाही. पुढच्या जूनमध्ये तासिकांचा अर्ज घेऊन तो पुन्हा विभागात आला, तेव्हा त्यांनी त्याला बसावयास सांगितले; बराच वेळ दोघांपैकी कोणीच बोलले नाही.