विरार ते दुबई : यंत्रांशी होणाऱ्या व्यवहारांचा प्रवास

वसई-विरारचा अरब जगाशी असलेला संबंध खनिज तेलाच्या शोधापेक्षा कितीतरी जुना आहे. नालासोपाऱ्याजवळच्या ज्या सोपारा गावात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, ते प्राचीन बंदर अरब भूगोलकारांच्या ग्रंथांत ‘सुबारा’ या नावाने येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच परिसरातील ख्रिस्ती आणि मुस्लिम वस्त्यांतून अनेक माणसे नोकरीसाठी आखातात जाऊ लागली आणि आज त्या वाटेवरचा जवळजवळ प्रत्येक व्यवहार मोबाइलच्या किंवा यंत्राच्या पडद्यावर होतो. विरार ते दुबई या मार्गावर भेटणाऱ्या अशा सेवा, इंग्रजी जेमतेम वाचता येणाऱ्या आणि पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या माणसाला कितपत पेलतात, हे पाहणे हा या प्रवासवर्णनाचा हेतू आहे.

विमानतळ गाठण्याचा आजचा सोयीचा मार्ग असा : विरारहून लोकलने अंधेरी, तेथून २०१४ मध्ये सुरू झालेल्या घाटकोपर-वर्सोवा मेट्रोने मरोळ नाका आणि मरोळ नाक्याहून ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिला टप्पा खुला झालेल्या भुयारी मेट्रोने टर्मिनल दोन. या एका मार्गावर तीन वेगवेगळ्या यंत्रणांच्या गाड्या बदलाव्या लागतात आणि प्रत्येकीची तिकीटव्यवस्था मुळात स्वतंत्र होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘मुंबई वन’ या अ‍ॅपने ही अडचण बरीच हलकी केली, कारण त्यात लोकल, मेट्रो आणि बस यांची तिकिटे एकत्र काढता येतात. मात्र त्या अ‍ॅपमध्ये सुरुवातीला सामावलेल्या अकरा वाहतूक सेवांत ठाणे, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई यांच्या पालिकांच्या बस होत्या, वसई-विरार महापालिकेची परिवहन सेवा नव्हती. त्यामुळे विरारजवळच्या अर्नाळ्याहून किंवा आगाशीहून निघालेल्या माणसाचा पहिलाच टप्पा त्या एकत्रित व्यवस्थेच्या बाहेर राहिला.

दुबईत उतरल्यावर पहिली गाठ पडते ती ‘नोल’ या कार्डाशी. आधी पैसे भरून ठेवायचे आणि गेटवर कार्ड टेकवले की भाडे आपोआप वळते होते, अशी ही पद्धत असून तेच कार्ड मेट्रो, ट्राम, शहराच्या बस आणि जलबस या सर्वांत चालते. शहराचे सात विभाग पाडलेले असून भाडे किती विभाग ओलांडले यावर ठरते. आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा कार्ड टेकवावे लागते आणि मेट्रोतून उतरून ठरलेल्या वेळात बस पकडली तर तो प्रवास एकच धरला जातो. ही विनाचालक मेट्रो ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी ३ जुलैला वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, म्हणजे दोन्हींचे वय सारखेच. दुबईकडे पैसा होता हे खरे, परंतु नोलचे यश केवळ पैशाचे नव्हे. रस्ते, बस आणि मेट्रो २००५ पासून एकाच प्राधिकरणाकडे असल्यामुळे एका कार्डाचा निर्णय अनेक कार्यालयांत अडकून पडला नाही.

टॅक्सीच्या सेवेत स्थानिक शहाणपण आणखी स्पष्ट दिसते. २०१२ मध्ये दुबईत सुरू झालेली आणि पुढे ‘उबर’ने सुमारे ३.१ अब्ज डॉलरला विकत घेतलेली ‘करीम’ ही कंपनी अशा प्रदेशात वाढली, जिथे पत्ता म्हणजे बहुधा एखाद्या मशिदीच्या किंवा दुकानाच्या खुणेने सांगितलेली जागा असे, टपाल घरी येण्याऐवजी टपाल कार्यालयातील पेटीत जमा होई आणि असंख्य ग्राहक रोख पैसे देत. अशा ठिकाणी नकाशावर जागेची खूण करण्याची आणि रोखीची सोय असल्याशिवाय टॅक्सीचे अ‍ॅप चालणे शक्य नव्हते. दुबईच्या पालिकेने पुढे ‘मकानी’ ही पद्धत आणली. तीत इमारतीच्या प्रवेशद्वाराला दहा आकडी क्रमांक दिला जातो, त्याची पाटी दारावर असते आणि तो क्रमांक सांगितला की रुग्णवाहिकेलाही नेमके दार सापडते. वसईत ‘तलावाच्या मागे, क्रुसाच्या बाजूची आळी’ असा पत्ता अजूनही सर्रास सांगितला जातो, म्हणून ही सेवा वसईकरांनी विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे.

नोकरीसाठी राहणाऱ्याला याहून खोल पाण्यात उतरावे लागते. संयुक्त अरब अमिरातीत (यूएई) २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘यूएई पास’ या डिजिटल ओळखीने सरकारी आणि खासगी सेवांत शिरता येते, कागदपत्रांवर डिजिटल सहीसुद्धा करता येते. २००९ पासूनच्या वेतन संरक्षण व्यवस्थेत मालकाने पगार बँकेमार्फत किंवा मान्यताप्राप्त विनिमय संस्थेमार्फत द्यावा लागतो, म्हणजे तो वेळेवर दिला की नाही हे तिथल्या कामगार मंत्रालयाला दिसते. कामगाराच्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची तांत्रिक सेवा मानावी लागेल. उलट, ओळख, परवाना आणि प्रवास एकाच यंत्रणेत बांधले की सत्ता कोणाच्या हाती जाते हेही विसरता येत नाही : सौदी अरेबियातील ‘अबशर’ या सरकारी अ‍ॅपवर पुरुष पालकाला घरातील स्त्रीच्या परदेशप्रवासाची परवानगी देता वा रोखता येत असे आणि २०१९ मध्ये नियम बदलल्यावरच २१ वर्षांवरील स्त्रियांना स्वतः पासपोर्ट काढून प्रवास करण्याची मुभा मिळाली.

घराशी बोलण्याच्या बाबतीत अमिरातीची व्यवस्था मात्र कमी पडते. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात, पण त्यावरील कॉल तेथे बंद ठेवले गेले आहेत, त्यामुळे ‘बोटिम’सारख्या परवानाधारक अ‍ॅपकडे वळावे लागते आणि तेच अ‍ॅप गावाकडच्या आईच्या फोनवरही बसवून द्यावे लागते. भारतीय बँकेचा ओटीपी, म्हणजे व्यवहारापुरता येणारा गुप्त आकडा, भारतीय क्रमांकावर येतो आणि रोमिंग बंद असेल तर पोहोचतच नाही. २०२३ पासून अमिराती, सौदी, कतार आणि ओमान येथील मोबाइल क्रमांकांवर अनिवासी खात्यांसाठी यूपीआय वापरण्याची वाट मोकळी झाली, तो मोठा दिलासा आहे.

भाषेची बाजू सर्वांत बोलकी आहे. या सेवांच्या पडद्यावर अरबी निवडली की सगळी मांडणी उजवीकडून डावीकडे फिरते, मागे जाण्याचा बाणही उलट दिशेला वळतो, म्हणजे पडदा अरबी वाचकाच्या डोळ्यांच्या सवयीनुसार नव्याने रचलेला असतो. दुसरा पर्याय इंग्रजीचा. मराठी कामगाराच्या वाट्याला त्याची स्वतःची भाषा सहसा येत नाही.

एकूण निष्कर्ष असा की अरब देशांतील सेवांकडून एक कार्ड, निश्चित पत्ता, पगाराची नोंद आणि स्वभाषेचा मान या चार गोष्टी घ्याव्यात, माणसाच्या हालचालींवरची पकड आणि संभाषणावरची बंधने घेऊ नयेत. वसई-विरार महापालिकेने आपली बससेवा एकत्रित तिकिटात आणावी, घरांना नेमके क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक सेवेचा मराठी पडदा आधी तयार करावा. आखातात निघणाऱ्या प्रत्येकाने भारतीय क्रमांकाचे रोमिंग सुरू करून, अनिवासी खात्याची बँकेत चौकशी करून आणि घरच्यांना कॉलचे अ‍ॅप शिकवूनच विमानात बसावे.