रानचे अन्न

परभाषेतील मजकूर मराठीत आणण्याचे काम ज्याच्याकडे असते, त्याला कधी कधी एखादा साधा शब्दही दिवसभर अडवून धरतो. ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींच्या आहाराविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करताना मला असाच अनुभव आला. रानातून मिळविलेल्या अन्नाला तिकडे एक जिव्हाळ्याचे नाव आहे. ‘कंदमुळे’ म्हणावे, तर त्यात मासे आणि कांगारू येत नाहीत. ‘रानमेवा’ म्हणावे, तर ती केवळ चवीपुरती वस्तू वाटते. अखेरीस मी ‘रानचे अन्न’ असे लिहिले. शब्दाचा प्रश्न मिटला, परंतु लेखातील हकिकत मात्र मनात रेंगाळत राहिली.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस किंबर्ली नावाचा प्रदेश आहे. तेथील डर्बी गावाजवळच्या वस्तीतील दहा मूलनिवासी स्त्रीपुरुष १९८२ साली सात आठवड्यांसाठी आपल्या पूर्वजांच्या भूमीत राहावयास गेले. सर्वजण मध्यमवयीन, स्थूल आणि मधुमेही होते. आहारशास्त्रज्ञ केरिन ओ'डी यांनी हा प्रयोग केला. वस्तीत या मंडळींचे नित्याचे अन्न म्हणजे मैदा, साखर, तांदूळ, शीतपेये आणि स्वस्त चरबीयुक्त मांस. आता ते मासे, कासव, कांगारू, पक्षी, रानकंद, उंबरासारखी फळे आणि मध यांवर राहू लागले. आणि हे सारे हिंडून, खणून, शिकार करून मिळवावे लागे.

सात आठवड्यांत प्रत्येकाचे वजन सरासरी ८ किलो घटले. उपाशीपोटी रक्तातील साखर १०० मिलिलिटरमागे सुमारे २०९ मिलिग्रॅम होती, ती ११९ वर आली. हृदयास घातक ठरणारे ट्रायग्लिसराइड हे स्निग्ध द्रव्य एक तृतीयांशाहूनही कमी झाले. विशेष हे की, या आहारात मांसमासळीचा वाटा मोठा होता. परंतु रानातील प्राण्यांच्या अंगी चरबी थोडी असते, पोटात जाणारे अन्न बेताचे होते आणि पायांना विश्रांती नव्हती. या तिहींचा तो एकत्रित परिणाम होता.

हे लोक मैद्याकडे आणि साखरेकडे आपण होऊन वळले, असे कोणी समजू नये. भूमी हातची गेल्यावर गुरांच्या मळ्यांवर आणि मिशनच्या वस्त्यांत त्यांना शिधा मिळे, तो पीठ, साखर व चहा यांचा. जे पदरी पडले, त्याचीच पुढे सवय झाली. आज ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींना हृदयविकार इतरांपेक्षा अधिक प्रमाणात आणि कमी वयात गाठतो, त्यामागे हा इतिहासही आहे.

लेख वाचताना मला माझ्या वडिलांची आठवण होत होती. कोकणातील शाळेतून निवृत्त होऊन ते आमच्याकडे दिल्लीस आले. गावी दोन मैलांची चढण रोजची होती. जेवणात नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले असे. येथे दुकान दाराशी, आणि घरी आलेल्या वडिलांना कष्ट कोण करू देणार? दोन वर्षांत रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढली. आता ते रोज सकाळी मंडईपर्यंत चालत जातात. उत्तराखंडचा मंडुआ म्हणजे आपली नाचणीच, हा शोध त्यांनीच लावला.

अर्थात रानातील जीवन म्हणजे स्वर्ग नव्हे. बोलिव्हियातील त्सिमाने लोकांपैकी ७०५ प्रौढांची तपासणी करण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यांतील ८५ टक्के लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा साठा मुळीच आढळला नाही. परंतु जंतुसंसर्गाने तेच लोक वारंवार आजारी पडतात. दवाखाना, लस आणि स्वच्छ पाणी यांचा त्याग करून कोणी रानात जावे, असे कोण म्हणेल?

प्रश्न आहे तो निवडीचा. माझ्या वडिलांपुढे मंडई आहे, मोकळा वेळ आहे, नाचणी घेण्याइतके पैसे आहेत. रान सुटल्यावर मजुरीसाठी शहरात आलेल्या आदिवासी कुटुंबाजवळ यांतील किती असते? आपल्या देशात २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला आहे. हा हक्क गावोगाव प्रत्यक्षात उतरवणे म्हणजे उपजीविकेचे रक्षण, हे आपण जाणतो. त्यात हृदयाचेही रक्षण आहे, हे डर्बीच्या त्या दहा जणांनी दाखवून दिले आहे.