नाण्यावरील हत्ती

नाणें हें गरीब-श्रीमंत सर्वांच्या हातीं येणारें सर्वांत लहान चित्र होय. परंतु आपण तें पाहतों तें मोजण्यापुरतें. महाबळेश्वरास इतिहास शिकवितांना आम्हीं जुनीं-नवीं कांहीं नाणीं जवळ बाळगिलीं आहेत. तीं आम्ही वर्गांत मुलांच्या हातीं देतों व म्हणतों, “आधीं वाचा, मग किंमत सांगा.”

पहिली देतों ती शिवराई. इ. स. १६७४ मध्यें रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या राज्याचीं नाणीं म्हणजे सोन्याचा होन व तांब्याची शिवराई. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपति’ आणि सभोंवार टिंबांचें कडें. चित्र मुळींच नाहीं. बादशाही नाण्यांवर फारसी लेख असण्याच्या त्या काळांत देवनागरी अक्षरें हेंच येथें राजचिन्ह झालें.

याच्या उलट गोष्ट १९११ सालच्या रुपयाची. त्यावर पंचम जॉर्ज बादशहांची मुद्रा होती व त्यांच्या झग्यावरील मानाच्या माळेंत एक चिमुकला हत्ती कोरिला होता. सोंड आंखूड पडली आणि लोकांस तो हत्ती डुकरासारखा दिसूं लागला! मुसलमान बांधवांचीं मनें दुखावलीं. मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत सुमारें ९४ लक्ष रुपये पाडिले होते. त्यांपैकीं सुमारें ७ लक्षच बाहेर पडले, बाकीचे वितळविण्यांत आले. १९१२ सालीं सोंड लांब करून नवा ठसा काढावा लागला. कोरणाऱ्याच्या मनांत हत्तीच होता, यांत शंका नाहीं. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार राहून गेला.

स्वतंत्र भारताचें पहिलें स्मारक-नाणें १९६४ सालीं पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघालें. आमच्या शेजारच्या प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचें अनावरण १९५७ सालीं त्यांच्याच हस्तें झालें होतें. पुढें १९९९ सालीं शिवछत्रपतींची मुद्रा असलेलें दोन रुपयांचें अकरा कोनी नाणें निघालें. एकदां तें नाणें निरखून एका विद्यार्थ्यानें विचारिलें, “सर, मागच्या बाजूस सिंह तीनच आहेत, चौथा कोठें?” आम्हांस फार आनंद झाला. सारनाथच्या स्तंभशीर्षावर सिंह चार आहेत. चौथा पाठीमागें असल्यामुळें दिसत नाहीं. त्यांच्या पायांखालील पट्टीवर हत्ती, बैल, घोडा व सिंह आहेत. राजमुद्रेंत बैल व घोडा एवढेच दिसतात. हत्ती आहे, पण आड आहे.

विद्यार्थिमित्रांनो, चिन्ह काढणाऱ्यानें पाहणाऱ्याची आठवण ठेवावी आणि पाहणाऱ्यानें न दिसणाऱ्या बाजूचीही चौकशी करावी. शब्दांविषयींही हेंच खरें. आपल्या मनांतील हत्ती दुसऱ्यास हत्तीच दिसेल, एवढी काळजी बोलतांना घ्यावी. आणि पालकांस एक विनंती: घरच्या जुन्या पेटींत एखादी शिवराई सांपडल्यास ती चिंचेनें घांसून लख्ख करूं नये. झिजलेलीं अक्षरें त्यानें अधिकच झिजतात. ती तशीच मुलांच्या हातीं द्यावी व त्यांस वाचूं द्यावी.