भिंत चाटणारी म्हैस

गजरीनं गोठ्याची मातीची भिंत चाटून चाटून खळगा पाडला होता. तिसऱ्या वेताची म्हैस, व्यायला दीड महिना झालेला. दोन्ही वेळचं मिळून दहा लिटर देणारी, ती सातवर आली होती. मातीला सोकावली असं समजून मी तिची जागा बदलली, तर तिथं ती गोणपाट चघळू लागली.

भवानीनगरच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की इंदापूर-बारामतीकडं आम्ही वैरणीची काळजी सोडतो. तोडकऱ्यांकडून उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या घ्यायच्या, कुट्टी करून टाकायची. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दावण हिरवीगार. नीरेचा डावा कालवा १८८५ सालचा. पाण्यामागं ऊस आला आणि ज्वारीचा कडबा दावणीतून मागं सरत गेला. वाढ्यानं पोट भरतं, पण त्यात ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि तसंच शेणावाटे बाहेर पडतं. हे मला जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेही तो खळगा बघून. म्हशीच्या लिटरभर दुधातून साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. दावणीतून ते परत मिळालं नाही, तर ती स्वतःच्या हाडांतलं काढून देते. फॉस्फरस कमी पडला की माती, चिंध्या, हाडकं चघळते. मी जिला खोड म्हणत होते, ते तिचं मागणं होतं.

त्या संध्याकाळपासून आंबोणात पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर मीठ सुरू केलं. पहिल्या दिवशी तिनं पाटी हुंगून तोंड फिरवलं. आत्याबाई म्हणाल्या, "गुळाचं पाणी शिंपड गं, पोरी." शिंपडलं, तशी तिनं पाटी चाटून पुसली. दूध लगेच वाढलं नाही. आधी उतरायचं थांबलं, मग अर्ध्या अर्ध्या लिटरनं चढलं. खरा फायदा नंतर कळला: ती वेळेत माजावर आली आणि पहिल्याच खेपेला गाभण राहिली. म्हशीचा माज मुका असतो. तिच्या अंगात खनिजं नसली की ती उलटत राहते आणि भाकड दिवसांचा खर्च दुधाची कमाई खाऊन टाकतो.

पुढच्या वेताला मला हाव सुटली. बायपास फॅट आणली. तिची गंमत अशी की ती कोठीपोटात विरघळत नाही, पुढं आतड्यात जाऊन पचते. त्यामुळं चारा कुजवणाऱ्या जिवाणूंना धक्का न लागता ताज्या व्यायलेल्या म्हशीला ताकद मिळते. शंभर-दीडशे ग्रॅम पुरे. मी मात्र त्यासोबत मक्याचा भरडाही एकदम तीन किलोनं वाढवला. दुसऱ्या दिवशी पहाटे धारेला बसले, तर गोठा गप्प. रवंथाचा आवाज नाही, शेण पातळ, आंबूस वासाचं. पोटातले जिवाणू नव्या खाण्याला सरावायला दहा-पंधरा दिवस घेतात. मी त्यांना एक रात्रही दिली नव्हती. गजरी चार दिवसांनी सावरली. मला अजून ती शांतता आठवते.

आता माझा हिशोब ठरलेला आहे. आधी कडबा किंवा मुरघास, वाढं त्यात निम्म्याहून कमी. अंगासाठी दोन किलो आंबोण, दर दोन लिटर दुधामागं आणखी एक किलो. मुबलक पाणी, उन्हाळ्यात दुपारी अंगावर पाणी मारणं. हे सगळं झालं की मग पुडीतली पूरक भुकटी. पूरक हा शब्द मी शब्दशः घेते: जे उणं आहे तेवढंच भरायचं. आणि काय उणं आहे ते म्हैसच सांगते, शेणातून, रवंथातून, चाटण्यातून.

परवा गजरीची रेडी पहिल्यांदा व्यायली. तिला त्याच भिंतीशी बांधलीय. तिनं खळग्यात तोंड घातलं, जरा हुंगलं आणि आंबोणाच्या पाटीकडं वळली.